तीन विंचू आणि एका गुणाचा अलंकार

परभणीच्या माणसाला दोन म्हणी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही एक आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिली कुठेही निघते. पोरगं स्पर्धा परीक्षेत पहिलं आलं की निघते आणि एसटी खड्ड्यात आदळली की तेव्हाही निघते. दुसरीला दखनीचा वास आहे: जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी.

या दोन म्हणी दहावीच्या इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहून पाहाव्यात. ‘जगात जर्मनी’ यात ‘ज’ पुन्हा आला, म्हणजे ॲलिटरेशन, आपला अनुप्रास. ‘जर्मनी’ आणि ‘परभणी’ यांचं यमक जुळतं, पण काटेकोर कानाला ‘नी’ आणि ‘णी’ यांतला फरक कळतो. इंग्रजीत अशा ओढूनताणून जुळलेल्या यमकाला हाफ राइम म्हणतात. जर्मनीच्या जोडीला एका जिल्ह्याचं गाव बसवलं ही अतिशयोक्ती, हायपरबोल. आणि खड्ड्यात आदळल्यावर हेच वाक्य दात ओठ खात म्हटलं की तो उपरोध झाला, म्हणजे आयरनी. चार शब्दांच्या म्हणीत चार अलंकार! दुसऱ्या म्हणीतली ‘परभणी’ तर गाव राहिलेलीच नाही. नको ती बदली, नशिबाला आलेलं शेवटचं ठिकाण, असा सगळा अर्थ त्या एका नावावर लादला आहे. एका गोष्टीच्या नावानं तिच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट सांगायची, याला मेटॉनिमी म्हणतात. आपल्याकडच्या काव्यशास्त्रात हे काम लक्षणा करते.

इतकं भांडवल घरात असलेलं पोर दहावीत ‘फिगर ऑफ स्पीच’ म्हटलं की घाबरतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

घाबरण्याचं कारण उजळणीच्या पद्धतीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, त्याआधी जानेवारीत सराव परीक्षा आणि तिच्या आगेमागे उजळणीचे तास. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीला इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. पेपरात कवितेचं ‘अप्रिसिएशन’ लिहायचं असतं, पाच गुणांचं. शीर्षकाला अर्धा, कवीच्या नावाला अर्धा, यमकरचनेला एक, अलंकाराला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन. या विभागणीमुळे उजळणी आपोआप गुणांच्या मागे धावते. शिकवणीत सूत्रं मिळतात: ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली, दोन-तीन शब्द एकाच अक्षराने सुरू झाले की ॲलिटरेशन, झाड, वारा, चंद्र काहीतरी करू लागले की पर्सॉनिफिकेशन, काहीच सापडलं नाही तर रिपिटिशन ठोकून द्यायचं. पोरं ही सूत्रं पाढ्यासारखी घोकतात आणि बहुतेक वेळा गुणही पडतो.

पण सूत्र कधी ना कधी दगा देतं. ‘आय लाइक मँगोज’ यात ‘लाइक’ आहे, सिमिली नाही. तिथे ते क्रियापद आहे. ‘ॲज ही एंटर्ड द रूम’ यातला ‘ॲज’ फक्त वेळ सांगतो. ॲलिटरेशनच्या बाबतीत घोळ याहून मोठा, कारण अनुप्रास डोळ्यांनी पाहायचा नसतो, कानांनी ऐकायचा असतो. इंग्रजीत ‘नाइफ’ची सुरुवात ‘के’ने होते आणि ‘काइट’चीही ‘के’ने होते, पण उच्चारात दोघांचा काही संबंध नाही. उलट ‘सिटी’ ‘सी’ने लिहितात आणि ‘सन’ ‘एस’ने, पण कानाला दोन्हीकडे ‘स’च ऐकू येतो. इथे मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात एक साधं हत्यार आहे, ते म्हणजे देवनागरी. कवितेची ओळ देवनागरीत जशी ऐकू येते तशी उतरवून काढा, अनुप्रास आपोआप वर येतो. यमकाचंही तसंच. ‘दो’ आणि ‘टफ’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगची शेपटं सारखी असतात, पण यमक जुळत नाही. ‘ब्लू’, ‘शू’, ‘थ्रू’ यांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची, तरी यमक चोख. देवनागरीत लिहिलं की हे एका नजरेत कळतं. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिणं हा वर्गात गुन्हा समजला जातो; उच्चार बिघडतो म्हणतात. यमकरचना ओळखण्यापुरता तो गुन्हा माफ करायला हरकत नाही.

याहून मोठी गंमत अशी, की हेच पोर मराठीच्या तासाला रसग्रहण लिहितं. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, यमक, श्लेष हे सगळे अलंकार त्याला आधीच भेटून गेलेले असतात. मराठीच्या तासाला चेतनगुणोक्ती म्हणणारं पोर तासाभराने त्याच गोष्टीला पर्सॉनिफिकेशन म्हणतं आणि आपण दोनदा तेच शिकलो हे त्याच्या गावीही नसतं. दोन्ही शिक्षक स्टाफरूममध्ये शेजारी बसून चहा पितात, पण त्यांच्या तासांची एकमेकांशी ओळख झालेली नसते.

ती झाली तर फायदा इंग्रजीच्या तासाचा जास्त आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ती यादी फुगवत नेली हे खरं, पण उपमेची जी चिरफाड त्यांनी केली तिला तोड नाही. उपमेला चार अवयव सांगितले. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत समान असलेला साधारणधर्म, आणि ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’ असा साम्यवाचक शब्द. शिकवणीतलं ‘लाइक-ॲज’चं सूत्र यातला फक्त चौथा अवयव पकडतं. महत्त्वाचा असतो तो तिसरा, साधारणधर्म. कवीने या दोन गोष्टी नेमक्या कोणत्या सारखेपणासाठी शेजारी आणल्या? हा प्रश्न विचारला की सिमिली ओळखणं संपतं आणि कविता वाचणं सुरू होतं. शिवाय मराठीत ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ यांची वेगळी उत्प्रेक्षा आहे, जिथे उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केलेली असते. इंग्रजी वर्गात ती बहुतेकदा सिमिलीच्याच पोत्यात जाते.

रूपकासाठी तर पुस्तकही उघडायला नको, परभणीत घराबाहेर पडलं तरी पुरे. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, आता वसंतराव नाईकांच्या नावाचं. त्याने काढलेल्या ज्वारीच्या एका वाणाचं नाव ‘परभणी मोती’. मोत्यासारखी ज्वारी म्हटलं असतं तर उपमा झाली असती; थेट मोतीच म्हटलं, म्हणजे रूपक. लोह आणि जस्त जास्त असलेल्या ज्वारीला ‘परभणी शक्ती’ म्हटलं, तिथे गुणाचंच नाव वाणाला दिलं. भेंडीच्या वाणाला ‘परभणी क्रांती’ म्हटलं. ती भेंडी हळद्या रोगाला दाद देत नाही, हा गुण मोठाच. पण भेंडीने क्रांती केली म्हणणं ही अतिशयोक्ती आहे आणि मला ती फार आवडते. कापसाला पांढरं सोनं म्हणणारा शेतकरी ॲरिस्टॉटल न वाचता मेटाफर वापरत असतो. ॲरिस्टॉटलने म्हटलंच होतं, की रूपक साधण्याचं कसब दुसऱ्याकडून शिकता येत नाही, कारण वेगळ्या गोष्टींतलं साम्य दिसावं लागतं. बियाण्याच्या पिशवीवर ते दिसतं आणि वहीत दिसत नाही, तर अडचण पोराच्या डोळ्यांत नाही.

यमकरचनेचा एक गुणही असाच घरचा आहे. इंग्रजीत ओळींच्या शेवटांना ए, बी अशी अक्षरं देतात: ए ए बी बी, ए बी ए बी. आता मोठा अभंग घ्या. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. इंग्रजी पद्धतीने लिहायचं तर ए बी बी सी. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि दोघांचं यमक: ए ए. सकाळी देवळातल्या भोंग्यावर जे ऐकू येतं त्याची रचना बोटांवर मोजता येणाऱ्या पोराला इंग्रजी कवितेच्या चार ओळी जड जायचं कारण नाही.

अभंगाचा विषय निघाला की परभणी जिल्ह्यात जनाबाईला टाळून पुढे जाता येत नाही. गोदाकाठचं गंगाखेड तिचं जन्मगाव. तिथून ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, दासी म्हणून राबली, आणि राबता राबता जे बोलली ते आज अभंग म्हणून गाइलं जातं. तिच्या अभंगांत विठ्ठल दळण दळतो, झाडलोट करतो, शेण्या वेचतो. इथे विद्यार्थी हमखास पर्सॉनिफिकेशन लिहील, आणि शिक्षकाने तिथे थांबून वाद घालावा. चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवणं. विठ्ठल जनीच्या लेखी निर्जीव कधी होता? तिने केलेली गोष्ट वेगळी आहे: देवाला तिने कामाच्या जोडीला बसवलं. दुसरं असं, की ती त्याच्याशी थेट बोलते, ‘तू’ म्हणून, लाडाने बोलते, भांडते, शिव्याही देते. समोर नसलेल्या माणसाला, देवाला किंवा वस्तूला उद्देशून असं बोलणं इंग्रजीत ‘अपॉस्ट्रफी’ या नावाने शिकवतात. मुलांना त्या नावाचा विरामचिन्हाशी गोंधळ होतो. जात्यावर बसून एकटीने विठ्ठलाला हाक मारणारी जनी एकदा डोळ्यांसमोर आली की तो गोंधळ पुन्हा होत नाही.

आता विंचवाकडे येऊ.

निसीम इझिकेल हा भारतीय इंग्रजी कवितेतला मोठा कवी, १९२४ साली मुंबईत जन्मलेला, कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातला. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत त्याने इंग्रजीत नेल्या. त्याची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ ही कविता १९६५ च्या संग्रहात आली आणि नंतर शाळा-कॉलेजांच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांत फिरली. गोष्ट अशी: दहा तास लागून राहिलेल्या पावसाने एक विंचू घरात, तांदळाच्या पोत्याखाली शिरतो आणि कवितेतल्या मुलाच्या आईला दंश करून अंधारात निघून जातो. गावकरी जमतात. कवी त्यांना माश्यांच्या थव्याची उपमा देतो. विंचू हलेल तसं विष अंगात हलेल, असं समजून ते कंदील घेऊन त्याला शोधतात. मागच्या जन्माचं पाप जळून जावो म्हणतात. बाप स्वतःला बुद्धिवादी समजणारा. पण त्या रात्री तो पूड, काढा, पाला, जे हाताला लागेल ते करतो, एवढंच काय, दंश झालेल्या पायाच्या बोटावर घासलेट ओतून काडी लावतो. मांत्रिक येऊन मंत्र म्हणून जातो. वीस तासांनी वेदना आपोआप ओसरते आणि आई म्हणते, बरं झालं विंचवाने मला धरलं, पोरांना सोडलं.

या कवितेचं अप्रिसिएशन सूत्रांवर लिहिलं तर काय होतं? यमकरचना शोधायला जावं तर ती नाहीच, मुक्तछंद आहे. ‘फ्री व्हर्स’ लिहिलं की एक गुण आला. माश्यांची उपमा लिहिली की दुसरा आला. पण ती उपमा माश्यांचीच का? मधमाश्या का नाहीत, मुंग्या का नाहीत? साधारणधर्म शोधला की उत्तर मिळतं. माशी भुणभुणते, जखमेभोवती जमते, कामाची नसते आणि हाकलूनही जात नाही. गावकऱ्यांच्या प्रार्थनेला कवीने भुणभुण केलं आणि एका उपमेत त्यांच्याविषयीचा मुलाचा वैताग सांगून टाकला. पण वैतागावर कविता संपत नाही. गावकऱ्यांचं बोलणं त्यात पुन्हा पुन्हा एकाच साच्यात येतं, मंत्रासारखं. वाचता वाचता आपणही त्या लयीत ओढले जातो. आणि सगळ्यात मोठी आयरनी अशी, की ना मंत्र लागू पडला, ना औषध, ना शहाणपण. लागू पडला तो फक्त वेळ. हे लिहिलेली उत्तरपत्रिका तपासायला मिळाली तर कुठलाही परीक्षक सुखावेल.

गंगाखेडच्याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगाला पैठणला, इझिकेलच्या आधी जवळजवळ चारशे वर्षं एकनाथांनी दुसरा एक विंचू सोडला होता. भारुडातला. परभणी-गंगाखेडकडच्या खेड्यांत यात्रेत, सप्ताहात हे भारूड आजही होतं. सोंगाड्या अंग टाकतो, कण्हतो, विव्हळतो, आणि समोरची पोरंबाळं हसत असतात, कारण विंचू चावलेला माणूस कसा तडफडतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. हसू ओसरतं आणि मग कळतं, हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याचा उतारा सत्त्वगुणाचा. संपूर्ण रचना एकाच रूपकावर उभी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इंग्रजीत याला ॲलिगरी म्हणतात. या दोन विंचवांत इथे फरक दिसतो: इझिकेलचा विंचू खरोखरचा आहे आणि अर्थ त्याच्याभोवती जमलेल्या माणसांत सापडतो, नाथांच्या विंचवात अर्थ आधीपासूनच भरलेला आहे, आणि सोंग त्या अर्थाला अंग देण्यासाठी आहे. सिम्बॉल आणि ॲलिगरी यांच्यातला फरक मुलांना समजावताना शिक्षकांची दमछाक होते. हे दोन विंचू शेजारी ठेवले की अर्धा तास पुरतो.

आणखी एक गोष्ट भारुडातून स्वच्छ कळते. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. विंचू चावला म्हणून ओरडणारा ‘मी’ एकनाथ नाहीत हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, कारण सोंग समोर नाचत असतं. नाथांनी तर जोशी, गोंधळी, महार अशी कितीतरी सोंगं घेऊन लिहिलं. इंग्रजीच्या पेपरात मात्र तेच पोर ‘द पोएट सेज’ असं लिहून मोकळं होतं. तिथे ‘द स्पीकर’ लिहावं.

कॉन्फ्लिक्टचे प्रकार, म्हणजे संघर्षाचे प्रकार, हा उजळणीचा दुसरा खांब. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध स्वतः, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज; कुणी पुढे नियती आणि यंत्र यांची भर घालतं. यादी सोपी, पण गोष्टी यादीला जुमानत नाहीत. दहावीच्या कोर्सबुकात रस्किन बाँडची ‘द बॉय हू ब्रोक द बँक’ आहे. झाडूवाला नाथू पगार मिळाला नाही म्हणून कुरकुरतो. ती कुरकुर तोंडातोंडी पसरत ‘बँक बुडाली’ इथपर्यंत जाते, बाजार बँकेवर लोटतो, काचा फुटतात. मालक सेठ तेव्हा काश्मीरला आरामात. दुसऱ्या दिवशी नाथू तिथला कचरा झाडताना वैतागलेला असतो आणि हे आपल्यामुळे झालं हे त्याला ठाऊकच नसतं. यात संघर्ष कोणता? बहुतेक मुलं व्यक्ती विरुद्ध समाज लिहितील. पण नाथू समाजाशी भांडलेलाच नाही. तो कुणाशीच भांडलेला नाही. गोष्ट चालते ती आयरनीवर: वाचकाला जे कळतं ते पात्राला कळत नाही. लेबल लावायचंच तर इथे संघर्षापेक्षा उपरोधाचं लावणं इमानदारीचं.

उलट, अकरावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं लेडी ग्रेगरीचं ‘द रायझिंग ऑफ द मून’ हे नाटुकलं. वरवर पाहता माणूस विरुद्ध माणूस: आयरिश सार्जंट आणि शंभर पौंडांचं बक्षीस डोक्यावर असलेला, गाणाऱ्या फिरस्त्याच्या वेषातला फरारी बंडखोर. पण खरी लढाई सार्जंटच्या छातीत चालते, कारण तोही एके काळी तीच गाणी म्हणणारा. परभणीच्या वर्गात हे नाटक शिकवताना १७ सप्टेंबर १९४८ ची, मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्या दिवसाची, आठवण काढावी. त्याआधीच्या वर्षभरात निजामाच्या चाकरीत असलेल्या किती मराठी माणसांना हाच पेच पडला असेल! गणवेश एकीकडे, गाणं दुसरीकडे. घरी आजोबा-पणजोबांना विचारून या, असा गृहपाठ त्या वर्गाला देता येतो; लंडनच्या वर्गाला देता येत नाही.

आणि शेतकऱ्याची गोष्ट तर चारही कप्पे एकदम फोडते. पाऊस जुलैत दडी मारतो, हा निसर्ग. दुबार पेरणीला कर्ज काढतो, माल अडतीवर नेतो तेव्हा भाव पडलेला असतो, हा समाज. बांधावरून भावाशी वितुष्ट येतं, हा माणूस. घरी येऊन गप्प बसतो, कुणाशी बोलत नाही, हा स्वतःशी झगडा. एकाच खरिपात चारही झाले. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथांतली खेडी याच गुंत्याची आहेत आणि तिथे ‘हा संघर्ष अमुक प्रकारचा’ असं बोट ठेवून म्हणता येत नाही. प्रकार पाठ करायचे ते कप्प्यात कोंबण्यासाठी नव्हेत. कोणता संघर्ष वर दिसतो आणि कोणता खालून ढकलतो, हे विचारायला ते उपयोगी पडतात.

एक तिरकी नोंद. संघर्षाशिवाय गोष्ट नाही हा नियमही सगळीकडचा नाही. नाट्यशास्त्राने कथेच्या पाच अवस्था सांगितल्या: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. म्हणजे इच्छा धरण्यापासून फळ मिळेपर्यंतचा प्रवास. अडथळे त्यात येतात, पण मध्यभागी शत्रू बसवलेला नाही, रस बसवलेला आहे. इंग्रजी पेपरात हे लिहू नका, गुण जातील.

साहित्यप्रकारांबद्दल थोडक्यात. अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी असा स्वतंत्र विभागच इंग्रजी युवकभारतीत आहे. बारावीला ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नचं ऐंशी दिवसांतलं जगभ्रमण आणि शेरलॉक होम्सचं ‘द साइन ऑफ फोर’ यांतले उतारे आहेत. मुलं व्याख्या पाठ करतात आणि प्रकार म्हणजे पुस्तकावरचं लेबल असं समजून चालतात. परभणीत बी. रघुनाथांचं उदाहरण हाताशी आहे. सातोन्याचे भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, हैदराबाद संस्थानात बांधकाम खात्यातले कारकून, १९५३ साली चाळिशीतच गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या आणि ललित लेख असं सगळं लिहिलं. माणूस तोच, अनुभव तोच, निजामी राज्यातला घुसमटलेला मराठवाडाही तोच. मग एखादी गोष्ट कवितेत का गेली आणि दुसरी कादंबरीत का, हा साहित्यप्रकाराचा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न तिसऱ्या विंचवाने सुटतो. परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे काम करत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना पाहत होते. त्यांनी त्या रुग्णांच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली. १९८२ साली ते निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे प्राझोसिन या औषधाने दंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आता तिन्ही विंचू एका बाकावर बसवा. भारुडातल्या विंचवाला विचारतो, तू कशाचं सोंग आहेस? कवितेतल्या विंचवाला विचारतो, तुझ्यामुळे माणसं कशी उघडी पडली? वैद्यकीय लेखातल्या विंचवाला विचारतो, दंशानंतर किती तासांनी नाडी कशी चालते, रक्तदाब किती? वैद्यकीय लेखात कुणी उपमा शोधत नाही आणि भारुडात कुणी रक्तदाब विचारत नाही. वाचक कोणता प्रश्न घेऊन येणार हे साहित्यप्रकार आधीच ठरवून टाकतो. इझिकेलच्या कवितेतल्या बापाला जे औषध हवं होतं ते ती कविता छापून झाल्यावर सुमारे दोन दशकांनी सापडलं, हे मुलांना जरूर सांगावं. कवितेचा अर्थ त्याने बदलत नाही, पण विज्ञानाच्या तासालाही बोलावणं जातं.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीत पोचलेल्या मुलाची इंग्रजीशी दहा वर्षांची ओळख असते आणि मराठीशी जन्माची. तेव्हा इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की उजळणीचा निदान एक तास मराठीच्या शिक्षकांना सोबत घेऊन करावा. एक कविता, एक भारूड, दोन्ही फळ्यावर. आणि विद्यार्थ्यांनो, अलंकाराचं नाव लिहून तो एक गुण घ्याच, सोडू नका. पण वहीत त्याच्या पुढे ‘हाच अलंकार का?’ याचं उत्तर दोन ओळींत लिहीत चला. मध्यवर्ती कल्पनेचे दोन गुण त्याच दोन ओळींतून निघतात.